भाड्याच्या दहापट

मागच्या वर्षी मृगाचा पाऊस लागण्याच्या सुमारास वसमतहून सांगलीला गेलेल्या एका ट्रकमध्ये माझ्या मामेभावाच्या हळदीचे ६० कट्टे होते. ट्रकवर ताडपत्री होती, पण ती मागच्या बाजूने फाटलेली होती, आणि वाटेत लागलेल्या पावसात त्या बाजूचे १४ कट्टे तळापर्यंत भिजले. सांगलीत सौद्याआधी कट्टे फोडले तेव्हा त्यांतली हळद काळवंडलेली आणि मऊ पडलेली निघाली. आडत्याने ती बाजूला काढायला लावली आणि उरलेल्या ४६ कट्ट्यांचीच पट्टी हातात दिली. मामेभाऊ परत येऊन ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात गेला, तेव्हा तिथल्या माणसाने बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, उलटी केली आणि मागच्या बारीक अक्षरांतल्या एका ओळीवर बोट ठेवले: माल मालकाच्या जोखमीवर. त्यानंतरचे त्याचे वाक्य होते, “पावसाला आम्ही काय करणार?”

हळदीचा भाव त्या वेळी क्विंटलला १२,००० रुपयांच्या आसपास होता. १४ कट्टे म्हणजे सात क्विंटल, म्हणजे ८४,००० रुपयांचा माल. सगळ्या ६० कट्ट्यांचे भाडे मिळून ४,५०० रुपये झाले होते. मी परभणीत दिवाणी वकिली करतो, म्हणून ती बिल्टी माझ्याकडे आली. मामेभावाचा प्रश्न सरळ होता: माल त्यांच्या ताब्यात दिला, धड पोचवण्याचे पैसे दिले, तो त्यांच्या हातात असताना बिघडला, तर भरून कोण देणार? या प्रश्नाला तितकेच सरळ उत्तर देता येत नाही याची मला वकील म्हणून लाज वाटते. ते देता न येण्याचे मुख्य कारण एक लहानसा सरकारी नियम आहे आणि तो बदललाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे मालवाहतूक करणाऱ्याला हुंडेकरी म्हणण्याची जुनी रीत आहे, आणि बाजारपेठेतली वयस्कर मंडळी अजूनही तो शब्द वापरतात. ठरलेल्या रकमेत माल ठरल्या जागी पोचवण्याचे अंगावर घेणारा तो हुंडेकरी. नुसती गाडी भाड्याने देणारा वेगळा आणि हुंडेकरी वेगळा, कारण वाटेची जबाबदारी हुंडेकऱ्याने पत्करलेली असते. कायद्याची मूळ कल्पनाही हीच आहे. रस्त्यावरून होणाऱ्या मालवाहतुकीचा सध्याचा कायदा २००७ सालचा असून तो १ मार्च २०११ पासून अमलात आला. त्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, ताब्यात घेतलेला माल हरवला, नष्ट झाला, बिघडला किंवा पोचलाच नाही तर वाहतूकदार जबाबदार असतो. अपवाद आहेत ते दैवी आपत्ती, युद्ध किंवा देशाच्या शत्रूचे कृत्य, दंगल, कायदेशीर जप्ती आणि सरकारी बंदी एवढेच. १२ व्या कलमाप्रमाणे दावा करणाऱ्याला वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. आपला किंवा आपल्या माणसांचा दोष नव्हता हे वाहतूकदारानेच दाखवून द्यायचे आहे. हे ओझे त्याच्यावर टाकण्यामागचे कारण सामान्य व्यवहारातले आहे. ट्रक कुठे थांबला, ताडपत्री कुणी बांधली, गोदामात रात्री काय झाले, हे माल पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही. ते ज्याला कळते त्यानेच सांगितले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या एका निकालात जुन्या कायद्याच्या संदर्भात म्हटले की सार्वजनिक वाहतूकदाराची जबाबदारी विमा कंपनीसारखी असते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात, माल ‘मालकाच्या जोखमीवर’ असे लिहिलेले असले तरी वाहतूकदाराच्या किंवा त्याच्या माणसांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी तेवढ्याने टळत नाही, हेही स्पष्ट झाले.

म्हणजे बिल्टीच्या पाठीवरची ती ओळ वाचून परत फिरणाऱ्या शेतकऱ्याचा, विणकराचा किंवा लहान कारखानदाराचा हक्क प्रत्यक्षात संपलेला नसतो. पण तो परत फिरतो, आणि त्या ओळीचा खरा उपयोग तोच आहे.

पावसाच्या सबबीबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण मराठवाड्यात ही सबब फार चालते आणि ऐकणाऱ्याला ती पटतेही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपण पाहिली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, नांदेडकडे नद्यांनी शिवारेच्या शिवारे खरवडून नेली. अशा रात्री एखादा ट्रक पुलावरून वाहून गेला तर त्याला दैवी आपत्ती म्हणायला कुणाचीच हरकत नसावी. पण जूनमध्ये पाऊस पडणे ही आपत्ती नाही, तो ऋतू आहे. १७ व्या कलमाला जोडलेले परंतुक हेच सांगते की योग्य ती काळजी घेऊन नुकसान टाळता आले असते, तर या अपवादांचा आडोसा वाहतूकदाराला घेता येत नाही. धड ताडपत्री ही ती काळजी. पाऊस कुणाच्या हातात नसतो, ताडपत्री असते. आपल्या भागात निसर्गाने इतके काही सोसायला लावले आहे की नुकसान झाले म्हणजे ते निसर्गानेच केले, असे मानायची आपल्याला सवय लागली आहे. माणसाच्या हलगर्जीपणाने झालेले नुकसान त्या सवयीत खपून जाते. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाने हे नशिबाच्या खात्यावर टाकावे, हे मला सहन होत नाही.

इथपर्यंत कायदा माल पाठवणाऱ्याच्या बाजूने उभा आहे. त्याच कायद्याचे १० वे कलम मात्र भरपाईला मर्यादा घालते. मालाची किंमत, भाडे आणि मालाचे स्वरूप या तीन गोष्टी लक्षात घेऊन सरकार जी रक्कम ठरवेल तेवढ्यापुरतीच वाहतूकदाराची जबाबदारी राहील, असे ते कलम म्हणते. ती रक्कम २०११ च्या नियमावलीतल्या १२ व्या नियमाने ठरवली आहे: दिलेल्या किंवा द्यायच्या भाड्याच्या दहापट, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. मामेभावाच्या बाबतीत दहापट म्हणजे ४५,००० रुपये. वाहतूकदाराने सगळा दोष कबूल केला, न्यायालयाने शब्दन् शब्द मान्य केला, तरी ८४,००० च्या नुकसानीपैकी ३९,००० रुपये मामेभावाच्याच अंगावर राहणार. दोष नसलेल्याने जवळजवळ निम्मे नुकसान सोसायचे, हा कायद्यातला न्याय आहे.

हळदीचे उदाहरण तरी मध्यम म्हणावे असे आहे. हिशेबासाठी दोन टोके घेऊ. वीटभट्टीवरून ३५,००० रुपयांच्या विटा निघाल्या आणि भाडे ५,००० रुपये झाले, तर दहापट होते ५०,०००. सगळ्या विटा फुटल्या तरी पूर्ण किंमत परत मिळू शकते. आता पैठणच्या मागावर काही महिने बसून विणलेली ६०,००० रुपयांची पैठणी १५० रुपये भाड्याच्या पार्सलात निघाली आणि वाटेत तेलाच्या डब्याखाली दबून खराब झाली, तर दहापट होते १,५००. म्हणजे जितके वजन जास्त आणि कसब कमी, तितके संरक्षण चांगले. जितके कसब जास्त आणि वजन कमी, तितके संरक्षण तुटपुंजे. जालन्यातून निघणारे संकरित बियाणे, संभाजीनगरच्या हिमरूच्या शाली, वाळूजच्या लहान वर्कशॉपमध्ये मायक्रॉनच्या हिशेबात घासलेले सुटे भाग, या सगळ्या मालाची किंमत त्यात गेलेल्या ज्ञानात आणि श्रमात असते, आणि भाडे मात्र वजनावर व जागेवर लागते. मराठवाड्याने नुसता कच्चा माल बाहेर पाठवू नये, त्यावर काम करून मूल्य वाढवून पाठवावे, असे गेली कित्येक वर्षे प्रत्येक व्यासपीठावरून सांगितले जाते. ज्याने ते ऐकले आणि मूल्य वाढवले, त्याचे वाढलेले मूल्य हा नियम वाटेत उघडे टाकतो.

शिवाय हा नियम ज्या कलमाखाली केला, त्या कलमाशीच तो पुरता प्रामाणिक नाही. कलम तीन गोष्टी लक्षात घ्यायला सांगते. नियमाने मोजमाप केले ते फक्त भाड्याने. किमतीचा विचार नियमात आहे तो भरपाई आणखी खाली आणण्यापुरता, वर नेण्यासाठी नाही. मालाच्या स्वरूपाचा तर उल्लेखच नाही: नाशवंत मोसंबी, फुटणारी काच आणि लोखंडी सळई या सगळ्यांना एकच पट. संसदेने दिलेल्या सूचनेचा एक तृतीयांश भाग पाळून केलेला नियम दशकाहून अधिक काळ कुणी हलवला नाही, याचे एक कारण मला असे वाटते की त्याने ज्यांचे नुकसान होते ते विखुरलेले आहेत आणि प्रत्येकाचे नुकसान आयुष्यात एकदोनदा होते. ज्यांचा फायदा होतो त्यांचा तो रोज होतो.

याहून खटकणारी गोष्ट इतिहासात आहे. २००७ च्या कायद्याने जो जुना कायदा रद्द केला तो १८६५ सालचा, ब्रिटिश अमदानीतला होता. त्यात सोने, चांदी, रेशीम, शाली, काच अशा ठराविक मौल्यवान वस्तूंची एक यादी होती. त्या वस्तू १०० रुपयांहून अधिक किमतीच्या असतील तर तसे आधी सांगणे बंधनकारक होते, न सांगितल्यास वाहतूकदार सुटत असे. पण यादीबाहेरच्या साध्या मालाबाबत, म्हणजे धान्य, कापूस, हळद, भांडीकुंडी यांच्याबाबत, नुसती सूचना लावून वाहतूकदाराला जबाबदारी कमी करता येत नसे. त्यासाठी मालकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने सही केलेला खास करार लागे. तो नसेल तर जबाबदारी पूर्ण. परक्या राजवटीच्या कायद्यात मर्यादा घालण्यासाठी मालकाची सही लागत होती. आपण केलेल्या कायद्यात मर्यादा आपोआप लागते आणि ती काढण्यासाठी मालकाला धडपड करावी लागते. जुना कायदा आदर्श होता असे मला म्हणायचे नाही, त्या सह्या कशा घेतल्या जात हे न्यायालयीन निकालांतून दिसतेच. पण तराजू कुणीकडे झुकला ते मात्र यावरून कळते.

आता वाहतूकदारांची बाजू. ती मी नीट ऐकली आहे, कारण माझे काही पक्षकार वाहतूकदारच आहेत. ते म्हणतात, दीडशे रुपये घेऊन साठ हजारांची जोखीम कुणी घ्यावी? डबा बंद असतो, आत पैठणी आहे की चिंध्या आहेत हे आम्हाला काय माहीत? उद्या कुणी चिंध्या भरून साठ हजार मागेल. शिवाय लहान वाहतूकदाराकडे एक-दोन ट्रक, त्यावर बँकेचा हप्ता, डिझेल आणि टोल, आणि मराठवाड्यातून माल घेऊन गेल्यावर परतीचा माल मिळेलच याचा भरवसा नाही. या सगळ्यात तथ्य आहे. कायद्यालाही ते ठाऊक आहे, म्हणून तर ८ व्या कलमाने माल पाठवणाऱ्याने किंमत जाहीर करणारी रवानगी नोंद, म्हणजे व्यापारात जिला फॉरवर्डिंग नोट म्हणतात ती, भरून देणे आवश्यक केले. आणि ११ व्या कलमाने वाहतूकदाराला अधिक जोखमीसाठी अधिक दर लावण्याची मुभा दिली. किंमत सांगा, जोखमीचे जादा पैसे द्या, आणि ठरलेल्या प्रमाणात पूर्ण भरपाई मिळवा, अशी ही सरळ व्यवस्था आहे. दीडशेच्या जागी साडेतीनशे घ्यायचे असतील तर वाहतूकदाराने घ्यावेत. साठ हजारांची साडी पाठवणारा दोनशे रुपयांसाठी अडून बसणार नाही.

अडचण अशी की ही व्यवस्था कागदावरच राहिली आहे. ११ व्या कलमात एक अट आहे आणि ती मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. जादा दर मागायचा असेल तर वाहतूकदाराने तो दर आपल्या व्यवसायाच्या जागी इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत लिहून लावलेला असला पाहिजे. म्हणजे महाराष्ट्रात मराठीत. परभणी, जालना, लातूर, नांदेड इथल्या बुकिंग कार्यालयांत कामानिमित्त माझे जाणे झाले आहे. देवांच्या तसबिरी पाहिल्या, ‘उधार बंद’ पाहिले, नाजूक मालाची जबाबदारी घेतली जाणार नाही अशा पाट्याही पाहिल्या. जोखमीच्या दराचा मराठी फलक मला एकाही ठिकाणी दिसला नाही. तो न लावल्याने वाहतूकदाराचे बिघडते काय? काहीच नाही. तो जादा दर मागू शकत नाही, एवढेच. आणि दर मागितला नाही म्हणजे जबाबदारी आपोआप दहापटीच्या आत राहते. ग्राहकाला सांगायचे ते न सांगितल्याचे बक्षीस त्याला मिळते. फॉरवर्डिंग नोटचेही तसेच. ती भरणे हे कायद्याने पाठवणाऱ्याचे काम आहे हे खरे, पण कोरी नोट ज्याच्या गल्ल्यावर असायला हवी त्याच्याकडे ती नसते. हमाल कट्टे उतरवतो, कारकून डाग, म्हणजे मालाचे नग, मोजतो, बिल्टीवर किमतीच्या रकान्यात काही तरी आकडा टाकतो किंवा तो रकाना कोराच सोडतो, आणि पाठवणारा मालाची नव्हे तर ट्रक कधी पोचेल याची चौकशी करत निघून जातो.

म्हणून मागणी अशी आहे. जाहीर केलेली किंमत हीच जबाबदारीची मर्यादा असावी. दहापटीची सवलत हवी असेल तर ती वाहतूकदाराने कमवावी: जोखमीचा दर मराठीत लावलेला होता, किंमत विचारली होती आणि पाठवणाऱ्याने सहीनिशी कमी जोखमीचा स्वस्त दर निवडला होता, हे त्याने दाखवले तरच ती लागू व्हावी. यातले काही दाखवता आले नाही, तर मालाची पाठवण्याच्या ठिकाणची त्या दिवशीची खरी किंमत द्यावी लागावी. यासाठी संपूर्ण कायदा उलथवण्याची गरज नाही. दहापट कायद्यात नाही, नियमात आहे. आणि नियम केंद्र सरकारला अधिसूचना काढून बदलता येतो.

इतर मार्गांनी जाणाऱ्या मालाचे काय होते हे पाहिले तर रस्त्यावरचा नियम किती विचित्र आहे ते ध्यानात येते. रेल्वेत किंमत जाहीर न केलेल्या मालाची मर्यादा वजनावर असते. युरोपातल्या देशांमधल्या रस्ता वाहतुकीच्या करारातही ती किलोवर मोजली जाते. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाला आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एका डागामागे किंवा किलोमागे, यातली जी रक्कम जास्त होईल ती मर्यादा लागते, आणि डागामागची रक्कम आजच्या विनिमय दराने पाऊण लाख रुपयांच्या वर जाते. वजनाचे मोजमापही पैठणीवाल्याला पुरे पडणारे नाही, हे मला मान्य आहे. पण जालन्याहून निघालेला एखादा खोका न्हावाशेवा बंदरापर्यंतच्या रस्त्यात भिजला तर भाड्याची दहापट, आणि बोटीवर चढल्यानंतर भिजला तर डागामागे पाऊण लाख, हा फरक कोणत्या तर्काने समजावून सांगावा? समुद्र रस्त्यापेक्षा सुरक्षित आहे असे तर कुणी म्हणणार नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला आणि जालन्याचा माल मुंबईच्या अंगणात काही तासांवर आला. रस्ता नवा झाला तसा त्यावरच्या जबाबदारीचा नियमही व्हायला हवा होता.

विमा उतरवा, असा सल्ला यावर हमखास मिळतो. जरूर उतरवावा. पण विम्याचा हप्ता कुणी भरायचा हाच तर वाद आहे. वाहतूकदाराची कायदेशीर जबाबदारी झाकणारी विमापत्रे बाजारात मिळतात. शंभर ट्रक चालवणाऱ्याला किंवा दहा लहान ट्रकवाल्यांच्या संघाला ती एकत्रित घेणे जितके सोपे आणि स्वस्त, तितके वर्षातून दोनदा साठ कट्टे पाठवणाऱ्या शेतकऱ्याला ते नाही. आणि पाठवणाऱ्याने विमा घेतला, विमा कंपनीने भरपाई दिली, तरी ती कंपनी पाठवणाऱ्याच्या जागी उभी राहून वाहतूकदाराकडे वसुलीला जाते. तिथे तिलाही तीच मर्यादा आडवी येते आणि उरलेला बोजा शेवटी पुढच्या हप्त्यांतून पाठवणाऱ्यांवरच येतो.

मर्यादा वाढली की ते ओझे चालकाच्या डोक्यावर येईल, ही भीती मला खरीच वाटते. आजही डाग कमी निघाला किंवा पोते फुटले की अनेक ठिकाणी ते पैसे चालकाच्या पगारातून कापले जातात. बुकिंग एकाचे, ट्रक दुसऱ्याचा, चालक तिसऱ्याचा, अशा साखळीत ज्याच्या हातात सगळ्यांत कमी पैसे त्याच्यावर सगळे येऊन पडते. फाटकी ताडपत्री बदलून मागणारा चालक मालकाला नकोसा होतो आणि माल भिजला की तोच दोषी ठरतो. म्हणून नियम बदलताना हेही स्पष्ट लिहावे लागेल की ज्याने बिल्टी दिली आणि भाडे घेतले त्याचीच ही जबाबदारी आहे, आणि चालकाचा हेतुपुरस्सर गुन्हा नसेल तर ती त्याच्या मजुरीतून वसूल करता येणार नाही.

दाद मागायची कुठे, हा पुढचा प्रश्न. बिल्टीवर बहुधा ‘सर्व वाद मुंबईच्या न्यायालयांत’ किंवा दिल्लीच्या, असे छापलेले असते. तेही बहुतेकांना घाबरवण्यापुरतेच आहे. तामिळनाडूतल्या बोडिनायक्कनूरहून दिल्लीला पाठवलेली वेलची गोदामाच्या आगीत गेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले की जिथल्या शाखेत माल घेतला आणि जिथे वादाचे कारण घडले, तिथल्या न्यायालयाचा अधिकार अशा छापील ओळीने मुंबईकडे नेता येत नाही. मग वसमतच्या माणसाने वसमतला दावा लावावा. पण ८४,००० रुपयांसाठी दिवाणी दावा म्हणजे किती वर्षे, हे मी रोज पाहतो. ग्राहक आयोगाचा मार्ग सुटसुटीत आहे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. पण ‘व्यावसायिक कारणासाठी’ घेतलेली सेवा ग्राहक कायद्यातून वगळलेली आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यात, स्वतःच्या मेहनतीने उपजीविका करणाऱ्याने त्यासाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवा या दोन्हींना त्या वगळण्यातून सूट होती. २०१९ च्या कायद्यातल्या स्पष्टीकरणात वस्तूंचा उल्लेख राहिला आणि सेवांचा गेला. स्वतःच्या शेतातली हळद विकायला पाठवणारा शेतकरी किंवा स्वतः विणलेली साडी पाठवणारा कारागीर हा व्यापारी नाही हे सांगायला आता प्रत्येक वेळी वकिलाला घसा कोरडा करावा लागतो. वगळलेले ते दोन-तीन शब्द परत घालणे हे बाराव्या नियमाइतकेच निकडीचे आहे.

विकणारा आणि घेणारा यांच्यात नुकसान कुणाचे, याबद्दल १९३० चा मालविक्री कायदा बोलतो आणि तिथे फारशी गुंतागुंत नाही. मालकी ज्याची, जोखीम त्याची; सौदा आधीच पक्का होऊन विक्रेत्याने घेणाऱ्याच्या वतीने माल वाहतूकदाराकडे सोपवला असेल, तर तो सर्वसाधारणपणे घेणाऱ्याला पोचला असे धरले जाते. मात्र वाहतुकीचा वाजवी करार करणे विक्रेत्याचे काम आहे, आणि ते त्याने केले नसेल तर घेणारा ती पोच नाकारू शकतो. आडतीवर जाणाऱ्या मालाची मालकी सौदा होईपर्यंत शेतकऱ्याचीच असते, त्यामुळे वाटेतला पाऊसही त्याचाच.

हे सगळे बदलेपर्यंत काय करायचे, यासाठी बाजार समित्यांकडे मी फार आशेने पाहतो. लातूर, हिंगोली, वसमत, जालना इथल्या समित्यांच्या आवारातूनच बहुतेक माल निघतो. तिथे मराठीतल्या कोऱ्या फॉरवर्डिंग नोटा ठेवणे, जोखमीचा दर न लावणाऱ्या वाहतूकदाराला आवारात बुकिंग करू न देणे, आणि माल निघण्याआधी ताडपत्रीवर एक नजर टाकणे, यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही. माल उतरताना पोचपावतीवर नुसती सही न करता किती डाग भिजले, किती फुटले हे तिथल्या तिथे लिहून घ्यावे, इतके तरी प्रत्येक आडत्याने शेतकऱ्यासाठी करावे. आणि लेखी नोटीस: ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला मिळाली नाही तर दावाच लावता येत नाही. माल बिघडल्यापासून नाही, बुकिंगपासून. ‘बघू, करतो, साहेब गावाला गेलेत’ यात हे दिवस कसे संपतात हे कळतही नाही.

मामेभावाच्या बिल्टीवर ९ जून ही तारीख होती. तो माझ्याकडे आला दिवाळी झाल्यावर, तोपर्यंत पाच महिने उलटून गेले होते. नोटीस मी नोव्हेंबरच्या अखेरीस रजिस्टर पोस्टाने पाठवली. सध्या बोलणे ४५,००० च्या आत कुठे तरी अडलेले आहे. या वर्षी हळद पाठवायची वेळ आली तेव्हा त्याने वेगळ्या ट्रान्सपोर्टकडे जाऊन आधी किंमत लिहून दिली आणि मग विचारले की पूर्ण किमतीची जोखीम घ्यायला जादा किती घ्याल, मी द्यायला तयार आहे. कारकुनाने त्याला बसायला सांगितले आणि मुख्य कार्यालयाला फोन लावला. बराच वेळ पलीकडच्या माणसाशी बोलून त्याने फोन ठेवला आणि सांगितले, असा दर आमच्याकडे ठरलेलाच नाही.